खेकडे, चीन आणि आमचा भाचा

गौरी जेवल्या त्या दिवशीची गोष्ट. म्हणजे १ सप्टेंबर २०२५. घावन-घाटलं झालं, माणसं जेवली, आणि पडवीत सुपारी कातरत बसल्यावर आमच्याकडे दरवर्षी जे होतं तेच झालं. वाद!

टीव्हीवर तियानजिनची दृश्यं चालू होती. आपले पंतप्रधान आणि शी जिनपिंग आदल्याच दिवशी भेटले होते, हस्तांदोलन पुन्हा पुन्हा दाखवत होते. काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. आमचे काका म्हणजे पोफळीच्या पॉवर हाऊसला उभी हयात शिफ्टा केलेला माणूस. गलवाननंतर त्यांनी घरात चिनी वस्तू आणायची नाही असं जाहीर केलं, आणि स्वतःपुरतं पाळलंही. मखराला यंदा दिव्यांची माळ नव्हती ती त्यामुळे. (टीव्ही कुठला, हे मी विचारलं नाही. सणाचा दिवस होता.)

दुसऱ्या बाजूला आमचा भाचा. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आहे, दर तीन महिन्यांनी हाँगकाँगमार्गे शेन्झेनला जातो. तो मुंबई-गोवा रस्त्याने अकरा तासांत आला होता आणि त्याची पाठ बोलत होती. तो म्हणाला, "मामा, मी सांगतो. आपल्याला एक पाच वर्षं चीन पाहिजे. बस्स. सगळं सरळ होईल."

आणि काका म्हणाले, "ते मात्र खरं आहे हो."

मंडळी, मला खरा धक्का बसला तो इथे. भाच्याचं बोलणं मी दरवर्षी ऐकतो. पण ज्या माणसाला चीनची तीस रुपयांची माळ घरात चालत नाही, त्याला चीनचा दंडुका चालतो! तो मात्र आयात करा, त्याच्यावर जकातसुद्धा नको. पडवीतल्या सगळ्या माना हलल्या. मी बोलायला तोंड उघडलं तर ताई म्हणाली, "तू राहू दे, तुझं लांबतं." तर हे ते लांबलेलं. घरातले सगळे वाचतात हे मला माहीत आहे, त्यामुळे नंतर "मला म्हणालास का" असं विचारू नये. तुम्हालाच म्हणतोय.

आधी काकांचा बहिष्कार, कारण तो लवकर संपेल. १५ जून २०२० ला महाराष्ट्र सरकारने काही कंपन्यांशी गुंतवणुकीचे करार केले. त्यात तीन चिनी होत्या आणि सगळ्यात मोठी ग्रेट वॉल मोटर्स, जी तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेणार होती. त्याच रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले. आठवड्याभरात सरकारने ते करार थांबवून ठेवले. दुसरं काही करणं शक्य नव्हतं, हे मलाही मान्य आहे. पण त्या वर्षाच्या अखेरीस तळेगावचा कारखाना बंद पडला, कामगार कोर्टकचेऱ्या करत राहिले, चिनी कंपनीचा सौदा २०२२ मध्ये मोडलाच, आणि ह्युंदाईशी करार व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. म्हणजे बहिष्काराचं बिल कोणी भरलं, तर तळेगावच्या कामगाराने. आपण फक्त माळ लावली नाही. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा आपल्या पुण्याच्या बजाजचं इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन बंद पडायची वेळ आली. बहिष्कार असा करतात, काका! ज्याच्याकडे वस्तू आहे तो करतो. आपला तो रुसवा.

आणि एक. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली होती, आठवतं? लोकल जागच्या जागी उभ्या. पुढे मार्च २०२१ मध्ये बातमी आली की यात चिनी हॅकरांचा हात असू शकतो. राज्याच्या गृहमंत्र्यांनी विधिमंडळात तसा संशय मांडला, आणि केंद्राचे वीजमंत्री म्हणाले की नाही, ती मानवी चूक होती. काकांनी तेव्हा काय केलं असेल? ज्या माणसाने आयुष्यभर ग्रिड सांभाळलं, ज्याला लोड डिस्पॅचचा फोन झोपेतसुद्धा ऐकू यायचा, तो म्हणाला, "चीनच असणार." मी विचारलं, कशावरून? म्हणाले, "आपल्या माणसाची चूक म्हणायची का मग?"

हेच ते. आपली चूक म्हणायला नको म्हणून चीन. याच्याकडे पुन्हा येतो.

आता भाचा. त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्याची पाठ खरोखर दुखते आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं, आणि २०२५ चे गणपती त्याच खड्ड्यांतून घरी आले. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणला बहादूरशेख नाक्याचा उड्डाणपूल बांधता बांधताच कोसळला. नशीब म्हणून माणसं वाचली. इतक्या वर्षांत चीनने देशभर वेगवान रेल्वेचं जाळं विणलं. तो शेन्झेनहून फोटो पाठवतो, सगळ्या बसेस विजेच्या, रस्त्यावर आवाज नाही, धूर नाही. खोटं काहीच नाही त्यात. तिथले इंजिनियर आपल्यापेक्षा हुशार आहेत की नाहीत मला ठाऊक नाही, पण त्यांना काम करू देतात हे नक्की. मत्सर वाटावा असंच आहे ते.

पण बाळा, तू अलोऱ्यात बसून हे म्हणतोस. मुंबईत बसून म्हणाला असतास तर मी सोडून दिलं असतं.

तुम्हा बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. अलोरे हे चिपळूण तालुक्यातलं, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याजवळचं गाव, आणि त्याचं एवढं मोठं होणं हे कोयना प्रकल्पाच्या कॉलनीमुळे. घाटावर कोयनेचं धरण. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीच्या भूमिगत वीजघरात, तिथून कोळकेवाडीच्या धरणात, तिथून पुन्हा जमिनीखाली तिसऱ्या टप्प्याला, आणि मग अवजल म्हणून वाशिष्ठीत. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून १,९६० मेगावॅट. बंगालच्या उपसागराला जाणारी नदी आम्ही अरबी समुद्राकडे वळवली आहे! माझे वडील स्थापत्य विभागात होते. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, भोंग्यावर उठलो, आणि आमच्या लहानपणी "धरण" हा शब्द देवाच्या शब्दाइतक्याच वेळा कानावर पडायचा. कॉलनी आता निम्मी ओस आहे, क्वार्टरांच्या छपरातून पिंपळ आलेत. असो.

तर आम्ही धरणाखालची माणसं आहोत. आणि धरणाखालच्या माणसाला राज्यकारभाराबद्दल एकच प्रश्न विचारता आला पाहिजे. वर काही बिघडलं, तर मला कळेल का? कधी कळेल? कोण सांगेल?

ऑगस्ट १९७५. चीनच्या हेनान प्रांतात वादळाचा पाऊस झाला आणि ७ तारखेच्या रात्री, ८ च्या पहाटे बानछियाओ नावाचं धरण फुटलं. त्याच्यासह लहानमोठी ६२ धरणं गेली. माणसं किती गेली? सरकारी आकडा २६,०००. नंतरची रोगराई आणि उपासमार धरून १,७०,००० पर्यंतचे अंदाज आहेत, काही त्याहून वरचे. म्हणजे जगाच्या इतिहासातली धरणफुटीची सगळ्यात मोठी दुर्घटना. आणि ती जगाला, खुद्द चिनी लोकांनाही, नीट कळायला वीसेक वर्षं लागली. कागदपत्रं २००५ पर्यंत गुप्त होती. चेन शिंग नावाच्या जलतज्ज्ञाने धरण बांधतानाच सांगितलं होतं की दरवाजे जास्त हवेत. त्याने १२ म्हटले, बांधले ५. त्याची बदली झाली, नंतर पुन्हा बोलला तर पुन्हा बाजूला केला. हे सगळं "काम करून दाखवणाऱ्या" राज्यात बरं का, जिथे फायली अडत नाहीत.

त्याच्या चौदा वर्षं आधी, १२ जुलै १९६१ ला आपलं पानशेत फुटलं. पुणं बुडालं. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं. चौकशी आयोग नेमावा लागला, न्यायमूर्ती बावडेकरांचा, नंतर नाईक आयोग. अधिकाऱ्यांनी काय लपवलं, घाई का केली, हे चारचौघांत बोललं गेलं. पानशेतच्या गोष्टी आमच्या आजीला ठाऊक होत्या आणि ती कधी पुण्याला गेली नव्हती.

आता हुशार वाचक विचारतील की १९७५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे काय चालू होतं? आणीबाणी. दीड महिना झाला होता. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. त्या काळात कोळकेवाडीचं काम संपत आलं होतं, कॉलनीत माणूस मावत नव्हता. समजा, त्या पावसाळ्यात कोयनेला काही झालं असतं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप होऊन आठच वर्षं झाली होती, धरणाला तेव्हा तडे गेलेच होते. सेन्सॉरने ती बातमी कुठल्या पानावर छापू दिली असती? मी काकांना हे विचारलं तेव्हा त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. पण लगेच म्हणाले, "आणीबाणीत शिफ्टला सगळे वेळेवर यायचे." यायचे ना. मी कुठे नाही म्हणतो?

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो, कारण यात चीन आणि आम्ही सख्खे शेजारी आहोत, हे फार जणांना माहीत नसतं. मोठ्या जलाशयामुळे भूकंप होतो असं जगभर शिकवतात तेव्हा चार नावं येतात. झांबेझीवरचं कारिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता, आमची कोयना, आणि चीनच्या ग्वांगडोंगमधलं शिनफेंगजियांग, जिथे १९ मार्च १९६२ ला ६.१ चा धक्का बसला. म्हणजे आपल्याआधी पाच वर्षं! चिनी शास्त्रज्ञांनी पुढे त्यावर लिहिलं, धरण मजबूतही केलं. त्यांना अक्कल नाही असं मी म्हणतच नाहीये. मी विचारतोय की अक्कल असलेल्या माणसाला बोलू देतात का? १२ मे २००८ ला सिचुआनमध्ये भूकंप झाला, मृत आणि बेपत्ता मिळून ८७,००० च्या घरात. केंद्रापासून अगदी जवळ झिपिंगपू नावाचं धरण. फान शिआओ नावाच्या तिथल्याच भूवैज्ञानिकाने म्हटलं की जलाशयाचा संबंध तपासा. सरकारने झटकून टाकलं. संबंध होता की नव्हता यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही, मला तर काहीच कळत नाही. पण त्याच भूकंपात शाळा पत्त्यांसारख्या पडल्या, पाच हजारांवर मुलं गेली, आणि ती नावं गोळा करायला निघालेल्या तान झुओरेनला २०१० मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. आरोप दुसराच लावला, तो तर लावतातच.

आपल्याकडे कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, आणि "धरणामुळे भूकंप" हा वाद न्हाव्याच्या दुकानात बसून घालता आला. सरकारी खात्यातलेच शास्त्रज्ञ एकमेकांविरुद्ध लिहीत होते. आता कराडजवळ त्यासाठी प्रयोगशाळा आहे, कोयनेच्या परिसरात ३ किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय.

आता खेकडे. हसू नका, मीही प्रयत्न करतोय.

२ जुलै २०१९ च्या रात्री आमच्याच तालुक्यात, दसपटीत, तिवऱ्याचं धरण फुटलं. भेंदवाडी गेली. २३ माणसं वाहून गेली, काही मृतदेह पार खाली सापडले. गावाने आधी तक्रार केली होती की धरण गळतंय. आणि राज्याचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं!

भाचा म्हणतो, "बघ ना मामा, हे आपले मंत्री. चीनमध्ये असता तर गोळी घातली असती." माझं म्हणणं, चीनमध्ये तू हे वाक्य ऐकलंच नसतंस. मंत्री खेकडा म्हणाला, हे संध्याकाळपर्यंत महाराष्ट्राला कळलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे कार्यकर्ते खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, की घ्या आरोपी, अटक करा. चौकशीसाठी पथक नेमावं लागलं. सगळ्या मराठी मुलुखाने मंत्र्याची टिंगल केली आणि तिवऱ्याचं नाव लोकांच्या डोक्यात राहिलं ते त्या टिंगलीमुळे.

पुढे काय झालं? फार काही नाही. हे मी लपवणार नाही. पुनर्वसन रखडत झालं, आणि कोणी तुरुंगात जाऊन बसलंय असं मी ऐकलेलं नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांचं तर विचारूच नका, ज्यांच्या जमिनीवर माझ्या वडिलांचा पगार उभा राहिला. २०१८ साली डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर ते कोयनानगरला ठिय्या मारून बसले होते, धरणाला साठी लागत आली तरी जमीन मिळाली नाही म्हणून. आम्ही कॉलनीत फुकट्या विजेवर वाढलो आणि ही माणसं कुठे गेली, हे घरात कधी कोणी बोललं नाही. त्यामुळे आपलं राज्य फार भलं आहे आणि तिकडचं राक्षसाचं, असा माझा मुद्दा नाही. मुद्दा एवढाच की साठ वर्षांनी का होईना, रस्त्यावर बसता आलं. चीनमध्ये तीन घळींच्या धरणाने १३ लाख माणसं उठवली. त्या धरणाविरुद्ध दाय छिंग नावाच्या पत्रकार बाईंनी १९८९ मध्ये पुस्तक काढलं, तर पुस्तकावर बंदी आणि बाईंना दहा महिने तुरुंग.

आणि २०२१ चा जुलै. हे लिहिताना मला अजून जड जातं.

२० जुलै २०२१ ला हेनानमध्येच, झेंगझोऊ शहरात, एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. भुयारी रेल्वेत पाणी शिरलं, पाच नंबरच्या मार्गावर १४ माणसं डब्यात उभी असताना गेली. आणि २२ जुलैला आमचं चिपळूण बुडालं. दोन दिवसांचं अंतर. ताईचं घर तेव्हा पेठेत होतं. माळ्यावर बसून तिने रात्र काढली, खाली फ्रीज तरंगत होता. भाचा पुण्यात होता, फोन लागत नव्हता, आणि तो रडत मला विचारत होता, "मामा, कोळकेवाडीचं पाणी सोडलंय का? किती सोडलंय? कोणी का सांगत नाही?"

हा प्रश्न त्यानेच विचारला होता. पाच वर्षं चीन मागणाऱ्याने!

पूर ओसरल्यावर सगळं चिपळूण तेच विचारत होतं. विसर्ग किती, कधी, कळवलं कोणाला. प्रशासन म्हणालं आमच्यामुळे नाही, पाऊसच तेवढा होता, वर भरती. लोकांनी मानलं नाही. चिपळूण बचाव समिती उपोषणाला बसली, वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून, आणि गाळ काढायला सुरुवात झाली. निळ्या-लाल पूररेषेवरून भांडणं झाली, अजून होतात. कंटाळवाणं आहे सगळं, मान्य. भाच्याला मीटिंगमध्ये बसवलं असतं तर तो मोबाईल बघत बसला असता.

तिकडे झेंगझोऊत मेलेल्यांसाठी लोकांनी स्टेशनच्या दारात फुलं आणून ठेवली. तर फुलांभोवती पत्रे उभे केले, दिसू नयेत म्हणून! सहा महिन्यांनी बीजिंगच्या चौकशीत निघालं की मृत आणि बेपत्ता ३९८, आणि त्यातले १३९ स्थानिक अधिकाऱ्यांनी दडवले होते. भाचा म्हणेल, बघ, चौकशी झाली ना, अधिकारी उडवले ना. उडवले. वरच्याने खालच्याला उडवलं. वरच्याला कोण विचारणार, हे मात्र त्या अहवालात नाही.

जाता जाता एक. चीनमध्ये शिजियाझुआंगला एका मराठी माणसाचं स्मारक आहे, आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ ला वैद्यकीय पथकातून गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. चिनी लोक आजही तिथे फुलं वाहतात आणि मनापासून वाहतात. माणसं तीच आहेत. कुठल्या मेलेल्याला फुलं वाहायची हे सरकार ठरवतं, एवढाच फरक. काकांनी कोटणीसांचा सिनेमा तीन वेळा पाहिलाय, हे त्यांच्या बहिष्कारात कुठे बसतं विचारायचं राहिलं.

आता ज्याच्याकडे पुन्हा येतो म्हटलं होतं तिकडे येतो.

१९ जुलै २०२५ ला चीनने तिबेटात, यारलुंग त्सांगपो जिथे वळसा घेऊन आपल्याकडे येते आणि सियांग, मग ब्रह्मपुत्रा होते, तिथे महाप्रकल्पाचं काम सुरू केलं. ६०,००० मेगावॅट! तीस कोयना एका जागी. खर्च १.२ लाख कोटी युआन. ज्या पट्ट्यात १५ ऑगस्ट १९५० ला ८.६ चा भूकंप झाला, त्या पट्ट्यात. नदीच्या पाण्याची आकडेवारी द्यायचा करार २०२३ मध्ये संपला तो संपलाच, डोकलामच्या वर्षी, २०१७ ला, करार असतानाही त्यांनी आकडे दिले नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये वांग यी दिल्लीला आले तेव्हा आणीबाणीच्या प्रसंगी माणुसकीच्या नात्याने माहिती देऊ म्हणाले. माणुसकीच्या नात्याने! धरणाखालच्या माणसाला हे वाक्य किती गार वाटतं ते अलोऱ्यात विचारा. आसामच्या माणसाला बानछियाओच्या मालकांवर विसंबून राहायचंय. चीनच्या हुकूमशाहीचा प्रश्न हा चिन्यांचा घरगुती प्रश्न नाही तो यासाठी. जो आपल्या माणसांना सांगत नाही तो आपल्याला काय सांगणार.

आणि यावर आपलं उत्तर काय? तर आपणही सियांगवर धरण बांधायचं, ११,००० मेगावॅटचं. ते बरोबर की चूक ते मला माहीत नाही, पाणी अंगावर आलं तर अडवायला काहीतरी हवं हे म्हणणं पटण्यासारखं आहे. पण तिथले आदी लोक विचारतायत की आमची गावं जाणार, जमीन जाणार, भूकंपाचं काय? तर मे २०२५ मध्ये सर्वेक्षणासाठी निमलष्करी दल पाठवलं. आणि जो प्रश्न विचारेल त्याला उत्तर तयार, "चीन बांधतोय, दिसत नाही का? देशाचा प्रश्न आहे." हा आहे पाच वर्षांचा चीन. मागवायलाही लागला नाही, आपसूक आला. चीनच्या भीतीच्या पाकिटात.

१९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणायचे. आम्ही कौतुकाने ऐकायचो, ते पलीकडचे, कऱ्हाडचे. आता सह्याद्रीकडून हिमालयाला द्यायचंच असेल तर आमचा अनुभव द्या. भूकंपाचा, पुनर्वसनाचा, तिवऱ्याचा, पूररेषेचा. कोयनेचं पाणी आम्ही लवादाने घातलेल्या ६७.५ टीएमसीच्या मर्यादेत वळवतो, कारण खाली कर्नाटक आहे, तेलंगण-आंध्र आहेत आणि ते कोर्टात जातात. सांगलीकर अलमट्टीच्या नावाने बोटं मोडतात, अलमट्टीवाले आमच्या नावाने. भांडतात, पण आकडे मागतात आणि आकडे मिळतात. (वेळेवर मिळतात का, हा सांगलीकरांना विचारायचा प्रश्न. त्यांची तोंडं मी बघितली आहेत.)

रस्ता चौदा वर्षांत झाला नाही तो मी उपोषणाला बसू शकतो म्हणून नाही. ठेकेदार पळाले, जमिनीचे पैसे अडकले, डोंगर कापताना दरड येते हे आधी कोणी नीट पाहिलं नाही. यातल्या कुठल्या गोष्टीला जास्त प्रश्न विचारल्यामुळे उशीर झाला, सांगा बरं! कमी विचारल्यामुळे झाला. बहादूरशेखचा पूल पडला त्याच्या आधी कोणी मोठ्याने विचारलं असतं तर? दंडुका आला की तो ठेकेदाराच्या पाठीत बसेल अशी भाच्याची समजूत आहे. अरे, दंडुका ज्याच्या हातात असतो त्याच्याशी सगळ्यात आधी ओळख ठेकेदाराची असते.

मराठी माणसाला खेकडा म्हणतात, एकमेकांचे पाय ओढतो म्हणून. टोपलीला झाकण लागत नाही म्हणे. मला वाटतं ज्या टोपलीला झाकण नाही त्या टोपलीत राहिलेलं बरं. ओढा पाय.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं नाही, वर म्हटलं तसं ताईने बोलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गौरी-गणपती पोचवायला आम्ही नदीवर गेलो. पाऊस होता, वाशिष्ठी लाल वाहत होती. आरती झाली, गणपती पाण्यात जाणार, तेवढ्यात भाच्याने काकांच्या बाहीला धरलं आणि म्हणाला, "आजोबा, थांबा. वर आत्ता किती युनिट चालू आहेत, फोन करून विचाराल का एकदा?"

काकांनी खिशातून फोन काढला. तोही चिनीच निघाला.